राहिलेला मक्ता

त्या दुपारी बारामतीच्या दवाखान्यात आमी चौघं व्हतो. मी, आमचं मालक, धाकलं दीर सोपानराव, आन् शेजारच्या खाटंवर पाय मोडून पडलेलं इंदापूरचं हनीफ मास्तर, उर्दू शाळंतनं रिटायर झालेलं. पाचवा भैरोबा. त्याला मी सारख्या हाका मारत व्हते, पर त्यो तितं हाय का न्हाय, ह्ये मला तवा ठावं नव्हतं.

मालकांच्या अंगावरनं वारं गेलेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हनायचे, बोलत ऱ्हावा त्यांच्याशी. बोलून बोलून माझं तोंड सुकलं. गाय व्याली, मोटर जळली, डाळिंबाला फूल लागलं, समदं सांगितलं. मानूस ढिम्म. भैरोबाला म्हनलं, जलमभर तुझ्या पायरीवर डोकं घासलं, यक शबुद देता येत न्हाय व्हय रं तुला?

त्यात ह्ये मास्तर. दिसभर गझल, ती बी जुन्या काळची. लई वैताग यायचा मला. दोन वळीत कोन तरी रुसलेलं, पुढच्या दोन वळीत मानूस मराया टेकलेला, त्याच्या फुडं दारू. गोष्ट धड यक बी पुरी न्हाय, आन् शेवटाला फिरून फिरून त्येच, "अभी नहीं." त्या शब्दाच्या आधी मास्तर थांबायचे आन् माझ्याकडं बघायचे.

"भाभी, ह्याला रदीफ म्हनतात. ऐकनाऱ्यानं म्हनायचा असतो."

"तुमचं तुमी म्हना. मला ह्यांची कूस बदलायचीय."

येकदा भांडलेच. म्हनलं, ह्याचा त्याला मेळ कुठं हाय? तर म्हनले, दर शेर आपल्या जागी पुरा असतो. म्हनलं, म्हंजी उसाच्या पेरागत? दर पेराला आपला डोळा, कुठलं बी तोडून लावा, उगवतंय, तरी ऊस यकच?

"वाह भाभी, वाह!"

"वाह करू नगा. मालक झोपल्यात."

त्या दुपारी सोपानराव म्हनले, "वैनी, आता बास. घरी न्यावं दादाला. जे व्हायचं ते आपल्या दारात व्हईल." आन् तवाच मास्तर म्हनले, "यक शेर, मंग मक्ता."

सोपानराव खवळले. "कसला मक्ता? डाळिंबाचा मक्ता कवाच दिला यापाऱ्याला!"

मास्तर हासले. मक्ता म्हंजी शेवटचा शेर, त्यात कवी आपलं नाव घालतो आन् गझल मिटती. मंग त्यांनी त्यो शेर म्हनला आन् रदीफापाशी थांबले. मी सोपानरावांकडं वळून इचारलं, "खरंच न्यायचं का वं घरी?"

खाटंवरनं आवाज आला. वाकडा, घोगरा.

"अबी... नही."

जबाब मला दिला, का दिराला, का शेराला, मला म्हाईत न्हाय. मी रडले, आन् खरं सांगते, लई रागावले बी. यवढी बोंबलले तवा मुका, आन् गझलंला हुंकार? डॉक्टर आले, ह्यांना तपासायला न्हेलं. माघारी आलो तवर मास्तरांच्या लेकानं त्यांना इंदापूरला न्हेलेलं. मक्ता ऱ्हायला.

आता मालक बांधावर बसत्यात, तोडकं मोडकं बोलत्यात. रोज मला इचारत्यात, "मक्ता?" मी वैतागते, पर वैतागताना आतनं गार वाटतं. देवानं काय द्यायचं ते मी सांगत व्हते, आन् कुनाच्या तोंडून द्यायचं ते बी मीच सांगत व्हते. त्यानं त्याच्या मनानं दिलं. आता उगवंल त्यो दिस आपल्या जागी पुरा म्हनून घेते, आन् दिस मावळताना भैरोबाचं नाव घेते. त्योच माझा रदीफ.

मास्तर बरे झाले की येनार म्हनत्यात. तवर यकच इनंती हाय. वाचनाऱ्यांपैकी कुनाला त्या गझलंचा मक्ता ठावा असंल, तर आमच्या मालकांना सांगू नगा. अजून न्हाय.