मावशींनी निवडून दिलेली माती

“जावई, खरं सांगा. माझी पानवेल उपटायची काय?”

फोनवर बायकोची माकुणसारची मावशी. आमच्या लॅबच्या तपासणीत त्यांच्या वाडीच्या मातीत आर्सेनिक, म्हणजे सोमल, नेहमीपेक्षा बरंच जास्त निघालं होतं. रिपोर्टवर अजून सही नव्हती. पण जेवताना मी ते बायकोला सांगून बसलो, आणि बातमी माकुणसारला पोहोचली. पानं माणसाच्या तोंडात जाणार म्हणून मावशींनी खुडणं थांबवलं. दोन दिवसांत वेली काढणार होत्या. त्या वेली त्यांनी सासूबरोबर लावलेल्या.

बोईसरच्या लॅबमध्ये माती तपासण्यात माझे केस पांढरे झाले. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

“सही माझी बाकी, आणि वेली उपटायला निघाले?”

“घरगुती चूक झाली, सर.”

“मग जाऊन निस्तरा. सॅम्पल कुठून घेतलं ते आधी बघा.”

वाडीत पोहोचून मी तेच विचारलं. मावशी दुखावल्या.

“म्हंजे? तुमच्या हापिसात जाणारी माती. हलकी देऊ काय? वेलाच्या बुडाशी नवं खत घातलंय, तिथली काळीभोर निवडून दिली.”

“कसलं खत?”

“सुक्या मासळीचा कुटा. आमी नेहमीच घालतो.”

मी कपाळाला हात लावला. ती पिशवी मी दिवाळीच्या फराळासारखी कौतुकानं नेली होती. एक प्रश्न विचारला नव्हता.

समुद्राच्या मासळीत आर्सेनिक असतंच, पण बहुतेक सेंद्रिय रूपात, म्हणजे कार्बनशी बांधलेलं. ते फारसं विषारी नसतं. साध्या तपासणीत आम्ही माती ॲसिडमध्ये उकळतो. त्यात बरं-वाईट सगळं आर्सेनिक एकाच आकड्यात येतं.

खत न लागलेल्या आठ-दहा जागांची माती मी स्वतः खणून आणली. जुन्या सॅम्पलमधलं आर्सेनिक ॲसिडशिवाय पाण्यात उतरवून कॉलममधून सोडलं. कॉलम म्हणजे बारीक नळी; तिच्यातून आर्सेनिकची रूपं एकेक करून वेगळी बाहेर येतात. वाडीची माती ठणठणीत निघाली. जास्तीचं सगळं मासळीतलं, सेंद्रिय.

साहेबांनी सही केली. त्यानंतरच मी फोन लावला.

“मावशी, वेली राहू द्या.”

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला.

“बरं. आन् जावई, आता जेवताना नुस्तं जेवत जा.”

तेव्हापासून आमच्या सॅम्पलच्या फॉर्मवर मी एक ओळ वाढवली आहे: माती आहे तशी आणली, की निवडून? पाहुण्यांना द्यावी तशी चांगली माती निवडून आणणारे आजही निघतात.