औषधाच्या खोक्यातला कागद

"जास्त वाचू नका, विश्वास ठेवा," असं ज्या वर्षी मला सगळ्यांनी ऐकवलं, त्याच वर्षी माझा माणसांवरचा आणि देवावरचाही विश्वास उडायच्या बेतात होता. संधिवाताने दोन्ही हातांची बोटं सुजली होती. ब्लाउजचे हुक लावायला मुलीला हाक मारावी लागे. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी दिली. खोक्यातला घडीचा कागद उघडला तर वरच्याच ओळींत 'कॅन्सर' हा शब्द. खाली यकृत, फुप्फुसं, रक्त, सगळ्यांना धोका. मी कागद मिटून टाकला.

केंद्र सरकारच्या दिल्लीतल्या कचेरीत तीस वर्षं काढली मी. साहेब कितीही खेकसले तरी न वाचता एकाही कागदावर सही केली नाही. डॉक्टरांना विचारायला गेले, तर स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, "मॅडम, इतना मत पढ़िए. भरोसा रखिए." माझं डोकंच फिरलं. घरी येऊन गोळ्या कपाटात टाकल्या. आमच्या यांना वाटत होतं, मी दर गुरुवारी, दत्ताच्या वारी, नेमाने घेते. दोन महिन्यांत उजव्या हाताची दोन बोटं वाकू लागली. घ्यावी तर जिवाची भीती, न घ्यावी तर हात जाणार. दोन्हीकडून मीच मरायची, आणि दत्तगुरू नुसते बघत बसलेले.

एका गुरुवारी द्वारका वसाहतीतल्या आमच्या सेक्टरमागच्या लहानशा मंदिरात गेले ती भांडायलाच. नमस्कारही केला नाही. कागद मूर्तीपुढे धरला आणि मोठ्याने म्हणाले, "घे, तूच वाच आता!" मागे एक बाई बसल्या होत्या. साठीच्या, साताऱ्याकडच्या बोलीच्या. नवरा फौजेत होता आणि स्वतः लष्करी इस्पितळात नर्स होत्या, एवढंच त्यांनी सांगितलं. "द्या बघू इकडं," म्हणत त्यांनी कागद घेतला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग मला विचारलं, "ताई, मागची बाजू वाचली का?"

नव्हती वाचली. तीस वर्षं दुसऱ्यांच्या फायली उलटून पाहणारी मी, एका शब्दाला घाबरून स्वतःचा कागद उलटायला विसरले होते. मागे संधिवाताचा डोस होता, हीच गोळी कॅन्सरवर देतात त्या मानाने अगदी थोडा. रक्त कधी तपासायचं, काय झालं तर गोळी थांबवायची, तेही होतं. "गोळी साधी नाही, हे खरंच हाय," त्या म्हणाल्या. "म्हणून तर इचारायचं. उत्तर मिळाल्याबिगर खुर्चीवरनं उठू नका." तीन ओळींखाली त्यांनी पेनाने रेघा मारल्या आणि कागद माझ्या हातात दिला. मला तिथेच रडू फुटलं. रागाने होतं की लाजेने, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना गोळ्या बंद केल्याचं खरं ते सांगितलं आणि रेघा मारलेल्या ओळींवरचे तीनही प्रश्न विचारले. ते वैतागले. "बाहर और पेशंट हैं, मॅडम." मी म्हटलं, "मैं भी पेशंट ही हूँ. जवाब मिलेगा, तब उठूँगी." अखेर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नीट समजावलं. आधी रक्त तपासलं, मग गोळी सुरू झाली. तीन-चार महिन्यांत सूज उतरली. दोन बोटं मात्र वाकडीच राहिली. त्याचा दोष मी डॉक्टरांना अर्धाच देते.

त्या बाई मला पुन्हा दिसल्या नाहीत. कुणी त्या भेटीला योगायोग म्हणावं, मला वाद घालायचा नाही. मी दत्ताला वाचायला सांगितलं आणि कुणीतरी माझ्यासाठी वाचलं, एवढं मला पुरे आहे. डोळे मिटून शरण जायला मला अजूनही जमत नाही, आणि त्यालाही तसलं काही नको असावं. दर गुरुवारी गोळी तळहातावर घेते आणि त्याला सांगते, "वाचलंय, विचारलंय, रक्त तपासलंय. माझं काम मी केलं. आता तुझं तू कर."