इथे ‘समजलं’ म्हणायचं नाही!

इंदूरमध्ये दोन गोष्टी न मागता ताटात पडतात. शेव आणि किस्से. किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. चार जण रोज एका टेबलाशी बसले की ते आपोआप साचतात. त्यातून चौघांपैकी तिघं अल्जेब्रात नापास आणि चौथा कॉलेज सोडलेला असेल, तर मग विचारूच नका!

चौथा म्हणजे मी. इंजिनियरिंगचं पहिलं वर्ष अर्ध्यात सोडलं. घरचे सगळ्यांना सांगतात, ‘त्याला झेपलं नाही.’ शिकवलंच नाही ते झेपणार कसं, हे कोणी विचारत नाही. सध्या दिवसा पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर असतो आणि संध्याकाळी हात घासून जुनी इंदूरला येतो, आमच्या मराठी समाजाच्या वाचनालयात. तिथे एक मोठं टेबल आहे, पंखा आहे, पेपर वाचता वाचता घोरणारे पाच-सहा काका आहेत आणि खिळ्याला टांगलेला एक काळा फळा आहे. फळ्याच्या पुढच्या बाजूला रोजचा सुविचार, नाहीतर समाजातलं कोणी गेलं त्याची सूचना. मागची बाजू आमची.

बाकीचे तिघं म्हणजे मंदार, अंशुल आणि शर्वरी. एकाच कॉलेजात बीएस्सीला, तिघांचाही अल्जेब्राचा पेपर राहिलेला. मंदार-अंशुल घरी दोन दिवस शिव्या खाऊन मोकळे झाले. शर्वरीचं तसं नव्हतं. तिला गणिताचीच टीचर व्हायचंय. आणि तिच्या आजोबांनी, म्हणजे रिटायर्ड गणित मास्तर दिघेसरांनी, घरात जाहीर करून टाकलं होतं, “या खेपेला राहिला तर बीएस्सीतून नाव काढायचं आणि बीएला घालायचं. गणित रक्तात लागतं. हिच्या नाही.”

त्या घरात सरांच्या शब्दापुढे कोणी तोंड उघडत नाही. आणि फळ्यावर रोज सुविचार कोण लिहितं? तेच!

*

पहिले हे तिघं नापास का झाले ते ऐका.

त्यांच्या कॉलेजच्या सरांनी पहिल्याच तासाला मुलांकडून असलेल्या आपल्या अपेक्षा सांगितल्या. “शांत बसा. डोकं खाऊ नका. शेवटच्या आठवड्यात इम्पॉर्टंट प्रश्न देईन, तेवढे करा.”

मुलं आज्ञाधारक! सगळं सेमिस्टर शांत बसली. शेवटच्या आठवड्यात प्रश्न मिळाले, मंदारने त्या सगळ्या प्रश्नांची सोडवलेली उत्तरं पाठ केली. अल्जेब्रा पाठ! स्वल्पविरामासकट!

पेपरात तोच प्रश्न आला, फक्त तीनच्या जागी पाच होता. मंदार घाबरला नाही. त्याने तीनवालं अख्खं उत्तर सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि खाली लिहिलं, “टीप: कृपया तीनच्या जागी पाच समजावे.”

सर हे सगळ्यांना सांगून हसतात. मी म्हणतो, हसायचं काय त्यात? सर स्वतः कित्येक वर्षं त्याच पिवळ्या पडलेल्या नोट्समधून शिकवतायत. त्यांच्या पहिल्या पानावरही टीप असेल, ‘कृपया मुले नवीन समजावीत.’

*

अंशुलची तऱ्हा निराळी. हा गणिताचे व्हिडिओ डबल स्पीडवर बघतो. मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवलेला, हातात कचोरी, आणि मान अशी हलते की बघणाऱ्याला वाटावं कीर्तन चाललंय. “समझ गया भिया, भोत ईजी है!”

एक दिवस शर्वरीने मोबाइल उलटा केला आणि त्याच्या हातात खडू दिला. “आत्ता बघितलंस ना? कर.”

अंशुल फळ्यासमोर उभा राहिला. एक ओळ लिहिली. थांबला. खडू खाली, मान खाली, दोन्ही हात पुढे जोडलेले. इतका वेळ उभा राहिला, इतका वेळ उभा राहिला, की एक काका पेपर ठेवून हळूच माझ्याजवळ आले आणि कानात म्हणाले,

“कोण गेलं रे?”

त्याच संध्याकाळी आमचा कायदा झाला. या टेबलाशी ‘समजलं’ म्हणायचं नाही. जो म्हणेल त्याच्यासाठी बाकीचे टेबलावर हात आपटणार, फळा पुसणार आणि त्याने पहिल्या ओळीपासून, कुठेही न बघता, सगळं करून दाखवायचं. अडलं म्हणायला मात्र पूर्ण परवानगी. फक्त मोघम नाही, “मला काहीच येत नाही” वगैरे रडारड नाही. नेमक्या ओळीवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, “इथं अडलं.”

अंशुलने पळवाटा शोधल्या. ‘समझ गया’ बॅन झालं. ‘गॉट इट’ बॅन झालं. अंगठा दाखवणं बॅन झालं. मान हलवणं बॅन झालं. शेवटी बिचारा व्हिडिओ बघताना श्वास रोखून बसायला लागला!

*

आता माझं काम. मी कुठलाच पेपर देत नाही, मग मी तिथे कशाला? तर ‘का?’ विचारायला.

ही शर्वरीची थिअरी. जे कॉलेज सोडलेल्याला सांगता येतं ते पेपरात कुठेही अडत नाही. माझ्या अज्ञानाला इंदूरमध्ये पहिल्यांदाच मागणी आली.

एकदा ती म्हणाली, “उणे गुणिले उणे अधिक.”

मी म्हटलं, “का?”

“नियम आहे.”

“कोणाचा? तुझ्या आजोबांचा?”

ती चिडली. पर्स उचलून निघून गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या आधी येऊन बसलेली. फळ्यावर लिहून ठेवलं होतं, तीन गुणिले उणे दोन, उणे सहा. खाली दोन गुणिले उणे दोन, उणे चार. मग एक, उणे दोन. मग शून्य, शून्य. “बघ, डावीकडचा आकडा एकेकाने उतरतोय, उत्तर दर वेळी दोनने चढतंय. आता डावीकडे शून्याच्या खाली उणे एक. उत्तर?”

“दोन,” मी म्हटलं. “अधिक दोन!”

आणि मग मला असा राग आला! अख्ख्या शाळेत एका तरी मास्तराला हे सांगायला काय झालं होतं? छड्या मारायला वेळ होता, या चार ओळींना नव्हता? मी टेबलावरून उठून दोन फेऱ्या मारल्या.

शर्वरी काळजीने माझ्याकडे बघत होती. म्हणाली, “ए, तू जास्त शिकू नकोस हं. माझी टेस्टिंग मशीन खराब होईल!”

*

लालबागला मेळा लागला तेव्हा अंशुल म्हणाला, “आज सुट्टी. अपन भी इन्सान हैं.”

शर्वरी म्हणाली, “चला की. पण रोज म्हणजे रोज. आकाशपाळण्याच्या लाइनमध्ये एकेक गणित. ज्याचं होणार नाही तो खाली उभा राहून सगळ्यांच्या चपला सांभाळेल.”

मेळ्यात लोक भेळ खात होते, फुगे फोडत होते आणि आम्ही लाइनमध्ये एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून समीकरणं सोडवत होतो. आमचा नंबर आला. मंदारचं अजून चाललेलं. “एक मिनिट भिया, बस ब्रॅकेट खोल रहा हूँ.”

मागची लाइन ओरडायला लागली. पाळणेवाल्याने आम्हाला खालपासून वरपर्यंत बघितलं. “भिया, झूला झूलना है कि पर्चा देना है?”

मंदार वर न बघता म्हणाला, “दोन्हीत चक्कर तर येतेच ना!”

चपला सांभाळल्या त्यानेच.

*

शर्वरीने आणखी एक केलं, जे त्या कॉलेजात आधी कोणी केलं नसावं. ती स्टाफरूममध्ये गेली.

सर म्हणाले, “डाउट? अजून परीक्षेला वेळ आहे. शेवटच्या आठवड्यात ये.”

ती हलली नाही. ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “सर, इथं अडलं. फक्त इथं.”

सर चडफडले, पण ओळ समजावली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशी सर तिला बघून जिन्याने वर गेले. ती पण वर गेली! मग हळूहळू काय झालं कोण जाणे, सरांच्या टेबलावर एक कोरा कागद आणि पेन तयार दिसायला लागला. एकदा तर म्हणाले, “थांब, हे मी पण घरी बघून येतो.” मी हे ऐकलं आणि त्या माणसाला पहिल्यांदा मनातून अर्धा मार्क दिला.

एक दिवस शर्वरीला काहीच अडलं नाही, म्हणून ती गेली नाही. दुपारी शिपाई वर्गाच्या दारात.

“शर्वरी दिघे कौन है? सर पूछ रहे हैं, तबीयत तो ठीक है ना?”

*

वाचनालयात दिघेसरांचं रोजचं चालूच होतं. खुर्ची आमच्या टेबलाकडे पाठ करून, पण कान इकडे. “आमच्या काळी फळा लागत नव्हता. तोंडी करायचो.” मला बघितलं की, “काय हो इंजिनियर! आज कुठला पूल बांधला?” शर्वरी उत्तर काढल्यावर ताळा करून बघायची, तर म्हणायचे, “ज्याला स्वतःवर भरवसा नाही तो ताळा करतो.”

बाकीचे काका हसायचे. निम्म्यांना जोक कळलेला नसायचा.

पेपर झाला. रिझल्टच्या दिवशी साइट हँग. अंशुल मोबाइलला हात जोडून बसलेला. शर्वरी शांत होती, पण तिच्या हातातल्या खडूचा चुरा झाला होता. मग साइट उघडली. अंशुल पास. मंदार काठावर, पण पास. आणि शर्वरी? दणदणीत! वर्गात दुसरी!

आम्ही टेबलावर असे हात आपटले की घोरणारे सगळे काका एकदम जागे झाले. अंशुल नाचत होता, मंदार रडत होता, मी काय करत होतो ते मला आठवत नाही, पण ‘शांतता राखा’ची पाटी माझ्याकडून पडली म्हणतात.

दिघेसरांनी पेपरचं पान उलटलं. “पेपर सोपा असेल.”

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सुविचार होता, ‘यशाने हुरळून जाऊ नये.’

त्याच्या खाली सुवाच्य अक्षरात कोणीतरी लिहिलं होतं, ‘टीप: कृपया हुरळलेले समजावे.’

*

त्याच संध्याकाळी दिघेसर खुर्ची सोडून पहिल्यांदा आमच्या टेबलापाशी आले. उभेच राहिले.

“बीएचा विषय संपला, ठीक आहे. पण पास होणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. ते रक्तात लागतं.”

शर्वरीने फळा उलटा केला आणि एक समीकरण लिहिलं. डावीकडे एक्स अधिक सातचं वर्गमूळ, उजवीकडे एक्स वजा पाच.

सरांनी एक क्षण बघितलं. “नऊ आणि दोन! तोंडी!”

“ताळा करा, आजोबा.”

“ताळा मी करत नाही.”

“मग मी करते.” तिने नऊ घातला. सोळाचं वर्गमूळ चार, नऊ वजा पाच चार. जमलं. मग दोन घातला. डावीकडे नऊचं वर्गमूळ, तीन. उजवीकडे दोन वजा पाच, उणे तीन.

“हां, मग दोन टाकून द्यायचा,” सर म्हणाले. “नियम आहे.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काम माझं होतं.

“का?” मी म्हटलं.

“काय का?”

“म्हणजे सर, एकही पायरी चुकली नाही, तरी हा खोटा दोन आला कुठून?”

“अहो इंजिनियर, तुम्हाला काय...” म्हणत सरांनी शर्वरीच्या हातातून खडू घेतला आणि झरझर लिहायला लागले. पहिली ओळ. दोन्ही बाजूंचा वर्ग. तिसरी ओळ, चौथी, उत्तर. मग बोट फिरवत खालून वर निघाले. उत्तर बरोबर. चौथी ओळ बरोबर. तिसरी बरोबर. बोट दुसऱ्या ओळीवर आलं आणि तिथेच राहिलं.

एकही काका घोरत नव्हता.

“इथं,” सर म्हणाले. “इथं अडलं.”

आम्ही कोणी हसलो नाही. शर्वरीने एक खुर्ची ओढून त्यांच्यामागे ठेवली. सर बसले.

“आजोबा, तीनचा वर्ग किती?”

“नऊ.”

“आणि उणे तीनचा?”

“नऊ.” सर फळ्याकडे बघत राहिले. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. “अरे! म्हणजे वर्ग केला की खरा आणि खोटा दोघं सारखेच दिसा... अरे वा! हां हां, समजलं!”

आम्ही चौघांनी एकदम टेबलावर हात आपटले.

शर्वरीने फळा पुसला आणि खडू त्यांच्यापुढे धरला.