राळेवरचे केस

आमच्यात माणूस जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात, विभूती घालतात आणि वरून माती लोटतात. माझी आई अशी आमच्या निलंग्याकडच्या शेतात बसलेली आहे. 'पुरलेली' म्हटलं की आप्पा, म्हणजे माझे वडील, चिडायचे. "बसलीय ती," म्हणायचे. वर त्यांनी दगडी ओटा बांधला होता आणि ओट्याला लागूनच ते झाड होतं.

झाड चिडाचं, म्हणजे पाइनचं. हिमालयाच्या उतारावरचं झाड आमच्या काळ्या रानात काय करून राहिलं, असं कुणीही विचारावं. आप्पांचं गावात कापडाचं दुकान. जन्मात त्यांनी एकच लांबचा प्रवास केला, केदारनाथाचा, आईला घेऊन. येताना वाटेवरच्या डोंगरातलं हे रोप त्यांनी डालड्याच्या डब्यात आणलं. दिवस उन्हाळ्याचे, गाडीत पाण्याची मारामार. आईनं म्हणे आपल्या वाट्याचं पाणी घोट घोट करून रोपाला घातलं आणि स्वतः तोंडाला पदर लावून बसली. ही गोष्ट आप्पा इतक्यांदा सांगायचे की मला वीट आला होता.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. जिकडेतिकडे साहेब, जीपा आणि नव्या पाट्या. नव्या जिल्ह्याला रुंद रस्ते पाहिजेत म्हणे. कशाचं काय अन् फाटक्यात पाय! पावसानं दडी मारलेली, विहिरीत दगड दिसून राहिलेले, गाव टँकरच्या आशेवर, आणि यांना रस्त्याची घाई. मोजणीवाले आले, चिडाची साल हातभर तासली आणि उघड्या लाकडावर चुन्यानं आकडा घातला. आकडा पडलेलं झाड तुटणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आप्पांनी तो आकडा धोतराच्या सोग्यानं पुसून काढला आणि झाडाला विभूती लावली.

पण तासलेल्या जागेतून राळ गळायला लागली. आप्पा ओट्यावर बसले की ती जखम बरोबर त्यांच्या तोंडासमोर यायची.

मी नांदेडला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. सुट्टी मिळाली की एसटीनं गावाकडं यायचे. त्या उन्हाळ्यात आले तर शेतात चिटपाखरू नव्हतं. वारा पडलेला, बांधावरचं वाळकं गवतसुद्धा हलत नव्हतं. तरी चिडाच्या सुयांमधून सूं सूं असा बारीक आवाज येत होता, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. मी शास्त्र शिकवणारी बाई, मला काय भ्या वाटायचं? पण वाटलं. भर दुपारी वाटलं.

"केस आलेत बघ," आप्पा म्हणाले.

"कुणाला?"

त्यांनी ओट्याकडं नुसती मान हलवली.

जखमेवरच्या राळेवर खरंच काळे केस उभे होते. बारीक, ताठ, सगळे ओट्याच्या बाजूला कललेले. मी पर्समधलं भिंग काढलं. केसाएवढा दांडा आणि टोकाला मोहरीहून किती तरी बारीक काळं डोकं. एक नाही, दाट वस्तीच होती. अंगावर सर्रकन काटा आला. मग शास्त्र जागेवर आलं. ही बुरशी होती, राळेवर जगणारी. राळ म्हणजे झाडाचं औषध. जखमेवर येतं, किडामुंगी मारतं. ते औषधच खाऊन जगणारा जीव मी आयुष्यात पाहिला नव्हता. पुढं काही वर्षांनी ही बुरशी नवी म्हणून शास्त्रात नोंदली गेली, तिला लॅटिन नाव मिळालं. त्या दुपारी मात्र तिचं नाव आप्पांनी ठेवलं तेच होतं.

"बुरशी हाय ती, आप्पा," मी सांगितलं.

"असंल," ते म्हणाले. "आईची येणी बी अशीच काळी होती."

एक गोष्ट मला काही केल्या उमगेना. बुरशीला ओल लागते. सगळं रान भाजून निघालेलं, सकाळी दवाचं नाव नाही, आणि ही राळ हाताला ओली लागत होती. ओल येते कुठून? मी वर पाहिलं, खाली पाहिलं. नको तो विचारही मनात आला, की खालून तर येत नसेल. मी तो झटकला आणि कडेचे चार केस राळेसकट खरवडून घेतले. आप्पांनी तोंड फिरवलं.

दूरच्या शहरात बुरशीचे एक जाणकार होते, त्यांना नमुना पाठवला. त्यांचा निरोप आला: हे कुठल्याच पुस्तकात सापडत नाही, मूळ जागेवरचा सगळा दाट तुकडा सालीसकट लागेल. खडखडीत वाळवून पाठवा. आम्ही तो इथं जन्मभर कोरडाच ठेवू. पाण्याचा थेंब लागला की नमुना गेला.

आप्पा ऐकेनात. "तिचे केस काढू देणार न्हाई," एवढंच. मी आदळआपट केली, शास्त्र सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

पण दर खेपेला ते मला अर्धे दिसायला लागले. डोळे खोल, ओठ फुटलेले, जीभ टाळूला चिकटल्यासारखं बोलणं. "पाणी पिता का न्हाई?" विचारलं की "हाव, पितो की." टँकरची घागर तर रोज रिकामी होत होती. डॉक्टरांनी कातडी चिमटीत धरून पाहिली, ती तशीच उभी राहिली. "असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील, बाई," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. वय झालं म्हणावं तर आदल्या वर्षापर्यंत हा माणूस कापडाची गठडी खांद्यावर मारून चालायचा.

एकदा न कळवता आठवड्याच्या मधल्याच वारी आले. उन्हानं डोळे मिटत होते. घरी आप्पा नव्हते, म्हणून शेतात गेले. ते ओट्यावर बसले होते. तांब्यातलं पाणी बोटांवर घेऊन राळेवर हळूहळू सोडत होते, मरणाऱ्याच्या तोंडात घालतात तसं. थेंब केसांच्या टोकावर थांबायचा आणि मग आत जायचा. ते काहीतरी पुटपुटत होते आणि मधेच थांबून ऐकून घेत होते. वरून तो सूं सूं आवाज.

मग माझं टाळकं सरकलं. "सगळं पाणी इथं ओतून राहिलेत? स्वतः काय पिता?"

"तिनं गाडीत दिलं व्हतं की झाडाला. स्वतःचं," ते म्हणाले. "आता तिला तहान लागलीय, तर मी कसा पिऊ?"

"आणि तुम्ही गेल्यावर कोण घालंल?"

"तवा मी बी बसंन की बाजूला."

मी रडले. रागानं रडले. कुठून ओल येते हे कोडं सुटलं होतं. तो जीव माझ्या बापाच्या तहानेवर वाढत होता.

मी रजा टाकली आणि पहाऱ्याला बसले. समोर उभी राहून पेला प्यायला लावायचे. ते मुकाट तोंड भरून घ्यायचे आणि उठून शेताकडं निघायचे. मला वाटलं, बरं झालं, पिऊन राहिले. एकदा मागून गेले. गाल फुगवून ते रस्ताभर चालले, वाटेत कुणी रामराम घातला तर नुसता हात वर केला, आणि झाडापाशी जाऊन ती चूळ राळेवर सोडली. म्हातारपण हे दुसरं बालपण म्हणतात. मला वाटतं, ज्यांनी म्हटलं त्यांनी माझा बाप पाहिला नव्हता.

शेवटी रस्त्याची माणसं आली. मुकादम भला होता. ओट्यासमोर त्यानं चपला काढल्या. "ओट्याला धक्का लावत न्हाई, आप्पा. पण झाड आज पाडायचं हाय."

आप्पा माझ्याकडं वळले. "तुझी ती मानसं हिला नेतेत म्हनलीस."

"नेतात."

"आन जपतेत?"

"जपतात. आपल्यामागंही जपतील."

त्यांनी मुकादमाकडून पटाशी मागून घेतली. मी पुढं झाले तर हातानंच थांबवलं. एक केस मोडू दिला नाही. सालीसकट तुकडा निघाला तेव्हा झाडाचा आवाज थांबला, असं मला वाटलं. आप्पांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी वर पाहिलं. मग दुकानातला कोरा खण पिशवीतून काढला, म्हणजे तो आणतानाच त्यांनी मनाशी ठरवलं होतं. त्यात तुकडा गुंडाळला आणि सासुरवाशिणीची ओटी भरावी तसा माझ्या पदरात घातला.

झाड पडलं. आम्ही दोघं घरी आलो. भिंतीला टेकून बसलो. मी खण मांडीवर धरून होते. टँकरचं पाणी भरलेला तांब्या दोघांच्या मधे होता.

"माय," आप्पा म्हणाले, "जिथं जाणार हाय ती, तिथं पाणी हाय का?"

"हाव," मी म्हणाले. "लई पाणी हाय तिथं."

"बारा महिने?"

"बारा महिने."

त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट बघून घेतलं. मग तांब्या उचलला आणि वरूनच गटागटा प्यायले, हनुवटीवरून, छातीवरून ओघळेपर्यंत प्यायले. मी खण मांडीवरून उचलून पलीकडं ठेवला, थेंब लागू नये म्हणून.