ओटीवर बसलेले आप्पा

मी कॅनडाला निघाले तेव्हा नागावच्या घरापुढे गाडीपाशी सगळे जमले होते, एक आप्पा सोडून. ते मागे वाडीत सुपारीला पाणी लावत होते. आई दोनदा हाक मारून आली. शेवटी मीच चिखल तुडवत गेले आणि पाया पडले. हातातलं खोरं न सोडता म्हणाले, "पाणी लावलंय गं, सोडून येता येत नाही. नीघ तू." असा राग आला होता मला! सत्तरी ओलांडलेला बाप, आणि लेकीपेक्षा त्याला झाडं जवळची.

बंड्या, पुढे तू वाडीत पाइप टाकलेस, मागच्या खोल्या पाहुण्यांना द्यायला लागलास आणि आप्पांना म्हणालास, "आता निवांत बसा. या वयात तुम्हाला राबवलं तर गाव आमच्या तोंडात शेण घालेल." तुझं काही चुकलं नाही रे. आपल्याकडे मान असाच देतात. ओटीवर खुर्ची, इस्त्रीचा सदरा, पहिला चहा त्यांना. मुंबईची पाहुणे मंडळी पाया पडायची, फोटो काढायची. मला व्हिडिओ कॉलवर दिसायचं, माणूस दर वेळी आणखी थोडा उतरलेला. आजार म्हणावा तर काहीच नाही. दुसरा पावसाळा काही त्यांनी पाहिला नाही.

तेव्हापासून ते इथे येतात. बर्फ पडायला लागला की बसस्टॉपच्या बाकावर बसलेले दिसतात, तोच सदरा, हात मांडीवर. जवळ गेलं की कुणी नसतं. वेड लागलंय म्हण हवं तर.

शेजारची मार्था ऐंशीच्या पुढची. केस रंगवते, गाडी चालवते, दारातला बर्फ स्वतः काढते. पहिल्या हिवाळ्यात मी धावत जाऊन तिच्या हातातलं फावडं घेतलं, तर केवढी खेकसली! "मी अजून मेले नाहीये." इथे म्हातारं दिसणं म्हणजे गुन्हाच, वय विचारायची सोय नाही. मुलगा रविवारी फोन करतो, तेवढाच. मध्यंतरी बाथरूममध्ये पडली, तर दिवसभर तशीच पडून होती, कुणाला पत्ता नाही. मला ही तऱ्हाही नको रे बाबा. मग मी म्हातारी व्हायचं तरी कुठे?

काल तू मोठ्या उत्साहाने सांगितलंस, दिवाळीपासून स्वयंपाकाला बाई ठेवतोय, आईने फक्त ओटीवर बसायचं. मी लगेच तिला फोन लावला. पाहुण्यांसाठी घावनं घालत होती. म्हटलं, बरंच झालं की, पाय दुखतात ना तुझे?

"दुखतात गं. पण हात चालू असला की बरं वाटतं. नुसती बसले की वाडीतून ह्यांच्या खोऱ्याचा आवाज येतो. परवा तर हाक मारली. म्हणाले, बसलीस ना, मग चल."

फोन ठेवला आणि लगेच तुला लिहायला बसले. बंड्या, माझं घर म्हणून आता एवढंच उरलंय, गॅसपाशी उभी असलेली आई. भांड्यांना बाई ठेव, झाडलोटीला ठेव. मी तिकीट काढतेय. मी येईपर्यंत तरी तिला बसवू नकोस.