दोनशे चौसष्ट बाटल्या

आश्विन शुद्ध पंचमी, बुधवार. द्राक्षासवाची एक बाटली, दोनशे दहा रुपये. हजर तिघं: आई, बायको आणि मी.

नेहमीच्या कंपनीचं आसव सांगलीच्या दुकानात संपलं होतं, म्हणून दुसऱ्या कंपनीचं आणलं. घटक तेच आहेत ना, हे बघायला मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या लेबल मोठ्यानं वाचलं. द्राक्षं, लवंग, पिंपळी, धायटीची फुलं, मध. खाली बारीक अक्षरात, स्वनिर्मित अल्कोहोल पाच ते दहा टक्के. बायकोनं माझ्या पायावर पाय दिला तोवर वाचून झालं होतं.

आम्ही जैन. मद्य, मांस आणि मध आईनं लग्नाआधीच सोडलेलं. तिला भूक लागत नाही म्हणून साताऱ्याच्या एका वैद्यांनी हे औषध दिलं होतं. वजन अडतीस किलो.

"आधीच्या बाटल्यांतबी हेच असंल?" आईनं विचारलं.

"असणारच."

"किती झाल्या रं आजवर?"

महिन्याला दोन, अकरा वर्षं. "दोनशे चौसष्ट," मी म्हणालो. मोजलं नाही, असं म्हणता आलं असतं. सुचलंच नाही.

"मग तेवढी एकाशनं करते." म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं.

"आवं आत्या, औषध हाय ते," बायको म्हणाली.

"औषध हाय, दारूबी हाय. ह्यो सांगतोय न्हवं, धा टक्के."

"पाच ते दहा," मी म्हणालो. दोघींनी माझ्याकडं असं बघितलं, की मी बाटली घेऊन बाहेर गेलो.

एकवीस दिवसांत वजन छत्तीसवर आलं. मी एसटीनं साताऱ्याला गेलो आणि वैद्यांना सगळं सांगितलं.

"पूर्वी काढा दुसऱ्या दिवशी विटायचा," ते म्हणाले. "म्हणून त्यात गोड आणि धायटीची फुलं घालून महिनाभर घटात आंबवायचे. मद्य वरून घालत नाहीत, आतच तयार होतं. त्यानंच औषध टिकतं. तुम्ही जैन, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं." त्यांनी काढ्याची भरड दिली. रोज ताजा उकळायचा. "पण एका जेवणावर त्या टिकणार नाहीत," हेही म्हणाले.

घरी येऊन मी आईला म्हणालो, "बाटल्या मी आणल्या. अर्धी एकाशनं माझी."

"तुला भूक सोसत न्हाई."

"तुला सोसतीय व्हय?"

तिनं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "झालेली एकवीस माझ्यात धर."

"धरली. तुझी एकशे अकरा राहिली. एक दिवस तू, एक दिवस मी."

याला सहा महिने होत आले. आज माझी पाळी. दुपारी चारनंतर डोकं दुखतं, ऑफिसात बेरजा दोनदा तपासाव्या लागतात. सकाळी चार वाट्या पाणी एक वाटी होईपर्यंत पाऊण तास जातो. काढा मीच उकळतो. आईचं वजन साडेसदतीस आहे. काढा पिताना ती रोज तोंड वाकडं करते. "ते गोड हुतं," म्हणाली एकदा, आणि लगेच हात जोडले.

या महिन्याच्या भरडीचे तीनशे साठ रुपये आज सकाळी वैद्यांना पाठवले.