नऊवारीतल्या पुतळीचा स्टँड

आधी अक्कांचं सांगते, मग बाकीचं. धुळ्यात ज्या साडीच्या दुकानात मी कामाला आहे, त्याच्या पायऱ्यांवर अक्का बांगड्यांची टोपली घेऊन बसतात. अंगावर कायम लुगडं, डोक्यावर पदर आणि पाठ जिन्याच्या खांबाला टेकलेली. त्या नसत्या तर यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी माहेरी गेले नसते.

माहेर यावलकडं, केळीच्या बागांत. माझी शाळा आठवीतच सुटली. मग लग्न झालं, नवरा नरडाण्याच्या कारखान्यात लागला आणि आम्ही धुळ्याला आलो. आल्यापासून आखाजी इथंच. सगळ्या लेकी माहेरी झोके खेळायला जायच्या आणि मी दुकानात त्यांच्यासाठी साड्यांच्या घड्या मोडायची. यंदा आईचा फोन आला, "लिंबाला झोका बांधलाय. येशील का नाही तेवढं सांग, म्हणजे मी वाट तरी बघणार नाही." ते ऐकून मला राहवलं नाही. शेठना विचारलं. ते म्हणाले, "काच सजव आणि खुशाल जा."

रस्त्याकडच्या काचेत दोन पुतळ्या उभ्या करायच्या होत्या, माणसाएवढ्या, फायबरच्या. एका बंद पडलेल्या दुकानातून शेठनी त्या आणल्या होत्या, पण स्टँडशिवाय. एक करायची माहेरी आलेली लेक, सहावारीत. दुसरी तिची माय, नऊवारीत. स्टँड आणायला शेठनी मलाच जळगावला पाठवलं.

मला एकच धास्ती, पुतळी पडायची. मागं एक पंख्याच्या वाऱ्यानं कलंडली होती आणि तिचा हात खांद्यातून निखळला होता. जळगावच्या दुकानात मी एकेक स्टँड हलवून पाहिला. एकाची खुंटी तळपायात जायची आणि खाली काचेची चकती होती. दिसायला छान, पण डुगडुगत होता. एकाची सळई पोटरीत बसायची, तोही मनाला येईना. तिसऱ्याला खाली जड लोखंडी ताट आणि मधोमध दांडा, दोन पायांमधून सरळ वर अंगात जाणारा. धक्का दिला तरी ढिम्म. दुकानदारानं विचारलं, "काय नेसवणार, ताई?" मी म्हटलं, "साडीच." "मग काय, सगळं आत झाकलं जातं." मी तसले दोन घेतले आणि बसमध्ये मांडीशी धरून आणले.

लेकीला साडी नेसवली, तर अशी ऐटीत उभी राहिली की शेठ लांबूनच "वा!" म्हणाले. मग मायची पाळी. निऱ्या झाल्या आणि काष्टा मागं घ्यायला गेले, तर मध्ये दांडा! डावीकडून घेतला तर उजवा पाय उघडा, उजवीकडून घेतला तर कापडाचा बोळा. रोज डोळ्यांसमोर लुगड्यातल्या बाया बघणारी मी, आणि जळगावात हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

काउंटरवरचा भाऊ हसून म्हणाला, "आजीबाई झाडूवर बसून आखाजीला निघाल्या का?"

मला रडूच यायला लागलं. आखाजी दोन दिवसांवर होती. अक्का पायरीवरून उठून आत आल्या, पुतळीभोवती एक चक्कर मारली.

"काय व्हयनं वं, पोर? तुनी माय घोडावर बसनी का?"

"अक्का, हसू नका हो. माझं जाणं राहिलं."

"जाशी ना. मी कशी टेकीन उभी ऱ्हास, ते देख."

बाहेर जाऊन त्या आपल्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. खांब पाठीमागं आणि वरून डोक्यावरचा पदर सोडलेला. समोरून खांब दिसतच नव्हता. मी कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्या भाऊंना बोलावलं. दांडा ताटाच्या मधून काढून मागच्या कडेला लावायचा आणि वर कमरेला धरणारी कडी बसवायची, असं ठरलं. कडी किती उंचीवर हवी, ते बघायला अक्काच पुतळीच्या जागी काचेत उभ्या राहिल्या. "काष्टाना वर, चोळीना खाले," त्या सांगत होत्या. मी पाठीशी पाइप धरून उभी. रस्त्यावरून जाणारी एक लहान पोर ओरडली, "आई, ही पुतळी डोळे मिटते!" अक्कांनी तिला जीभ काढून दाखवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी माय उभी राहिली, काष्टा चोख आणि पदर डोक्यावरून. मी पिशवी उचलली, तेवढ्यात शेठ म्हणाले, "थांब. हा असा जोडलेला दांडा, ऐन सणाची गर्दी. पडली तर काच जाईल. तू इथंच राहिलेली बरी."

मी पिशवी खाली ठेवली. खरं सांगायचं तर त्यांची भीती मलाही खरीच वाटत होती.

अक्का दारातून म्हणाल्या, "तू जाय वं, पोर. पुतळीकडे मी देखस. शेठ, पडनी ते माले सांगा."

"अक्का, तुम्हाला नाही का माहेरी जायचं?"

"माले कोन बलावस आते? भाऊ ग्यात, घर गये."

शेठ हातानंच मला जा म्हणाले.

झोक्यावर बसले तरी माझं चित्त काचेतच. झोका पुढं गेला की वाटायचं, गेली, पडली! आई म्हणाली, "अगं, माणसात ये." मी तिला अक्कांचं सांगितलं. निघताना तिनं केळीचा एक फणा वेगळा बांधून दिला, "हा त्यांना."

परत आले तर माय जागच्या जागी. अक्कांनी मात्र बांगड्यांची टोपली पायरीवरून उचलून काचेपाशी आणली होती आणि सण तिथंच काढला होता.

"तुनी माय हालनी नही. मना पाय मोडी ग्यात," म्हणत त्यांनी केळं सोललं.

अक्का, पुढच्या आखाजीला पुतळीकडं दुसरं कुणी बघेल, नाहीतर पडू दे तिला. मी तुम्हाला यावलच्या बसमध्ये बसवून नेणार आहे. आई लिंबाखाली वाट बघेल, आणि झोक्यावर आधी तुम्ही बसायचं.